स्पेनमधले क्युबन: आजोबांचे कागद आणि नातवंडांचा देश

माद्रिदमध्ये दर रविवारी भरणाऱ्या एल रास्त्रो या जुन्या बाजाराच्या तोंडाशी कास्कोर्रो नावाचा चौक आहे आणि त्या चौकात एका साध्या शिपायाचा पुतळा उभा आहे. खांद्याला बंदूक, काखेत रॉकेलचा डबा, हातात मशाल आणि अंगाभोवती बांधलेला दोर, असे त्याचे रूप आहे. हा एलॉय गोन्सालो. जन्मताच माद्रिदच्या अनाथालयात सोडून दिलेला हा मुलगा पुढे स्पेनच्या सैन्यातून, तेव्हा स्पेनची वसाहत असलेल्या क्युबाला गेला. १८९६ साली कास्कोर्रो या क्युबन गावातल्या स्पॅनिश तुकडीला स्वातंत्र्यसैनिकांनी वेढले, तेव्हा शत्रूच्या ताब्यातले घर पेटवून देण्याची कामगिरी त्याने पत्करली आणि आपण मेलो तर निदान प्रेत मागे ओढून आणता यावे म्हणून दोर बांधून घेतला. त्या दिवशी तो वाचला, पण पुढच्याच वर्षी मातान्सास येथे आजाराने मरण पावला. पुतळ्याचे अनावरण १९०२ साली झाले. क्युबाचे स्वतंत्र प्रजासत्ताक जन्माला आले तेही त्याच वर्षी. आज या पुतळ्याच्या पायथ्याशी रविवारच्या गर्दीत जुने कपडे आणि घरगुती वस्तू पाहत फिरणाऱ्यांमध्ये क्युबातून आलेली माणसे सहज भेटतात. एलॉय गोन्सालो ज्यांच्याशी लढला त्यांची ही पणतवंडे असतील, किंवा त्याच्याच पलटणीतल्या एखाद्या शिपायाची. पुष्कळदा एकाच कुटुंबात दोन्ही असतात.

क्युबात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक आज स्पेनमध्ये राहतात. फ्लोरिडातील क्युबन समाजापुढे हा आकडा लहान आहे, परंतु युरोपातील दुसऱ्या कोणत्याही देशात एवढे क्युबन नाहीत. मायामीत जशी ‘छोटी हवाना’ आहे तशी वस्ती माद्रिदमध्ये नाही. येथले क्युबन शहरभर विखुरलेले आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळची स्पेनची कॅनरी बेटे, देशाच्या वायव्य कोपऱ्यातला गॅलिशिया आणि बार्सिलोना या भागांतही त्यांची संख्या मोठी आहे. भाषा तीच, धर्माची बाह्य चिन्हे तीच आणि आडनावेही बहुधा तीच असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला हा समाज वेगळा दिसतच नाही. मी माद्रिदमध्ये राहते, आणि माझ्या इमारतीत, दवाखान्यात व बाजारात भेटणाऱ्या क्युबन माणसांशी बोलताना एक गोष्ट वारंवार समोर येते. त्यांच्या घराण्याची कथा गॅलिशियातल्या एखाद्या खेड्यातून सुरू होते की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, यावर त्यांचे इथले आयुष्य फार मोठ्या प्रमाणात ठरलेले असते. स्पेनला क्युबाकडून जे संगीत, जो नाच, जी श्रद्धा मिळाली, तिच्यात आफ्रिकी वंशाच्या क्युबनांचा वाटा फार मोठा आहे. स्पेनचे नागरिकत्व मात्र प्रामुख्याने गोऱ्या आजोबांच्या नातवंडांना मिळते. या लेखात मला त्याविषयी लिहायचे आहे.

आधी या आजोबांविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत स्पेनमधून लाखो माणसे क्युबाला गेली. क्युबा स्वतंत्र झाल्यावर हा ओघ थांबला नाही, उलट वाढला. गॅलिशिया आणि शेजारच्या आस्तुरियासमध्ये जमिनीचे तुकडे इतके लहान झाले होते की एका घरातल्या सगळ्या मुलांना त्यावर जगणे शक्य नव्हते. शिवाय सक्तीची सैनिकी सेवा आणि मोरोक्कोतील युद्ध टाळण्यासाठीही तरुण मुले जहाजात चढत. हवानात पोहोचलेला पोरगा बहुधा कुणा काकाच्या किंवा गावकऱ्याच्या दुकानात कामाला लागे आणि रात्री तिथेच झोपे. कॅनरी बेटांतून गेलेले लोक शेतीकडे, विशेषतः तंबाखूच्या मळ्यांकडे वळले, आणि परत येताना ती विद्या घेऊन आले. ला पाल्मा या बेटावर आजही हाताने वळलेले सिगार तयार होतात, त्याचे मूळ या ये-जा करण्यात आहे.

परदेशात गेलेल्या या माणसांनी तिथे उभ्या केलेल्या संस्था पाहिल्या म्हणजे मन थक्क होते. १८७९ साली हवानात गॅलिशियन लोकांचे केंद्र स्थापन झाले. सभासदांच्या वर्गणीवर त्याने रुग्णालय, शाळा आणि नाट्यगृह चालवले. मध्यवर्ती उद्यानासमोरचा त्याचा प्रासाद आज हवानाचे भव्य नाट्यगृह म्हणून ओळखला जातो आणि त्याला नर्तिका आलिसिया आलोन्सो यांचे नाव आहे. आस्तुरियन लोकांच्या केंद्राची इमारत आता राष्ट्रीय कलासंग्रहालयाचा भाग आहे. गॅलिशियाचे प्रादेशिक गीत पहिल्यांदा गायले गेले ते गॅलिशियात नव्हे, तर २० डिसेंबर १९०७ रोजी हवानात. गॅलिशियन भाषेची अकादमी १९०६ साली आ कोरुन्या येथे सुरू झाली, तिच्यामागेही हवानातल्या स्थलांतरितांचा पैसा आणि आग्रह होता. गॅलिशियातील कित्येक खेड्यांतल्या शाळा क्युबातून आलेल्या पैशांतून बांधल्या गेल्या. मातृभूमीने पोटाला पुरेसे दिले नाही म्हणून गेलेल्यांनी तिला शाळा, अकादमी आणि गीत दिले, ही हकिकत मला फार मोलाची वाटते. आज माद्रिदमध्ये स्थलांतरितांच्या ‘ओझ्या’विषयी बोलणाऱ्यांनी तिचा विचार करायला हवा.

क्युबात त्यांचे स्वागत नेहमीच झाले असेही नाही. १९३३ साली, मंदीच्या काळात, राष्ट्राध्यक्ष ग्राऊ सान मार्तीन यांच्या सरकारने प्रत्येक व्यवसायात निम्मे कामगार तरी जन्माने क्युबन असलेच पाहिजेत असा कायदा केला. त्याचा फटका बसला तो दुकानांतल्या या स्पॅनिश मुलांना. कित्येकांनी परतीचे तिकीट काढले, कित्येकांनी क्युबाचे नागरिकत्व घेतले. नागरिकत्व घेतल्याची ती तारीख ऐंशी-नव्वद वर्षांनी त्यांच्या नातवंडांच्या अर्जांत किती महत्त्वाची ठरणार आहे याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते.

दोन्ही देशांचे रक्त किती मिसळले आहे हे पाहायचे तर क्युबाच्या सार्वजनिक इतिहासातली तीन नावे पुरेशी आहेत. स्वातंत्र्यलढ्याचे प्राण असलेले होसे मार्ती यांचे वडील वालेन्सियाचे आणि आई कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेची होती, आणि १८७१ साली हद्दपार होऊन स्पेनमध्ये आलेल्या मार्ती यांनी माद्रिद व सारागोसा येथे शिक्षण घेतले. फिदेल कास्त्रो यांचे वडील आन्हेल कास्त्रो गॅलिशियातल्या लुगो प्रांतातील लांकारा येथले. ते आधी स्पेनचे शिपाई म्हणून क्युबाला गेले आणि युद्धानंतर मजूर म्हणून पुन्हा गेले. १९९२ साली फिदेल त्या गावी आले तेव्हा त्यांच्यासोबत गॅलिशियाचे मुख्यमंत्री मानुएल फ्रागा होते. फ्रागा स्पेनचा हुकूमशहा फ्रांको याच्या मंत्रिमंडळातले कडवे उजवे नेते, पण त्यांचे आईवडीलही क्युबात राहिलेले आणि त्यांच्या स्वतःच्या बालपणाचा काही काळही तिथेच गेलेला. आणि ज्यांना फिदेल यांनी सत्तेवरून घालवले ते फुलखेन्सियो बातिस्ता १९७३ साली स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर वारले. त्यांची कबर माद्रिदच्या सान इसिद्रो दफनभूमीत आहे.

१९५९ च्या क्रांतीनंतर आलेल्या क्युबनांसाठी स्पेन हा बहुधा मधला मुक्काम होता. फ्रांकोच्या कम्युनिस्टद्वेष्ट्या राजवटीनेही हवानाशी राजनैतिक संबंध तोडले नाहीत आणि विमानसेवा चालू ठेवली. त्यामुळे अमेरिकेच्या व्हिसाची वाट पाहत अनेक कुटुंबे साठ आणि सत्तरच्या दशकांत माद्रिदच्या भाड्याच्या खोल्यांत राहिली. काही कायमची राहिली. गास्तोन बाकेरो हे कवी त्यांपैकी एक. हवानातल्या मोठ्या दैनिकात काम केलेला हा मिश्र वंशाचा प्रतिभावान माणूस १९५९ साली माद्रिदला आला आणि १९९७ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिला. क्युबात त्यांचे नाव घेणे दीर्घकाळ टाळले गेले आणि स्पेनमध्येही त्यांची ओळख उशिरा पटली.

नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला, क्युबात अन्नाचा आणि विजेचा दुष्काळ पडला, आणि वेगळ्या वृत्तीचे लोक येऊ लागले. क्रांतीतच वाढलेले, तिच्यावर विश्वास ठेवलेले आणि मग थकलेले असे हे लेखक, चित्रकार आणि गायक होते. कादंबरीकार हेसूस दियास यांनी १९९६ साली माद्रिदमध्ये ‘एन्क्वेन्त्रो’ हे क्युबन संस्कृतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. बेटावर राहणाऱ्या आणि बेटाबाहेर गेलेल्या क्युबनांचे लेखन एकाच अंकात छापण्याचा त्यांचा हट्ट दोन्ही बाजूंच्या कट्टरांना रुचला नाही. दियास २००२ साली गेले, तरी नियतकालिक पुढे काही वर्षे चालले. त्याच काळात माद्रिदच्या लहान लहान मद्यगृहांत गाणाऱ्या तरुण क्युबन गायकांनी मिळून ‘हवाना आबिएर्ता’ हा समूह उभारला, आणि रॉक, फंक व क्युबन लोकतालांचे त्यांनी केलेले मिश्रण हवानातल्या तरुणांनी ध्वनिफितींच्या हातोहात नकला करून ऐकले. २००३ साली क्युबात एकाच वेळी ७५ विरोधकांना कैद झाली. त्यांच्यापैकी पुष्कळांची २०१० आणि २०११ मध्ये चर्च व स्पेन सरकारच्या मध्यस्थीने सुटका झाली, ती कुटुंबासह स्पेनला जाण्याच्या वाटेने. क्युबातल्या ११ जुलै २०२१ च्या सरकारविरोधी निदर्शनांनंतर पुन्हा एक लाट आली आणि ती अजून ओसरलेली नाही.

परंतु या राजकीय निर्वासितांपेक्षा कितीतरी अधिक लोक एका निराळ्या दाराने आले. स्पेनच्या संसदेने २००७ साली ऐतिहासिक स्मृतीचा कायदा केला. यादवी युद्ध आणि हुकूमशाहीमुळे देशोधडीला लागलेल्यांच्या वंशजांना न्याय देणे हा त्याचा हेतू होता, आणि त्यातील एका तरतुदीने मूळ स्पॅनिश व्यक्तीच्या मुलांना व काही नातवंडांना नागरिकत्व मागण्याची मुभा दिली. लोकांनी त्याला ‘नातवंडांचा कायदा’ असेच नाव दिले. २००८ च्या अखेरीपासून २०११ च्या अखेरीपर्यंत अर्ज घेतले गेले, आणि हवानातल्या स्पॅनिश वकिलातीसमोरच्या रांगा जगातल्या सर्वांत लांब रांगांपैकी होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये लोकशाही स्मृतीचा नवा कायदा लागू झाला. त्याने हे दार अधिक रुंद केले, परदेशी पुरुषाशी विवाह केल्यामुळे नागरिकत्व गमावलेल्या स्पॅनिश स्त्रियांच्या मुलांनाही त्यात घेतले, आणि त्याची मुदत वाढून ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली.

हे अर्ज कसे भरले जातात हे जवळून पाहिले की आजोबा या नात्याचा अर्थच पालटतो. आजोबा कोणत्या परगण्यात जन्मले हे आधी शोधावे लागते. स्पेनमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८७१ पासून सुरू झाली, त्यामुळे त्याआधीचा जन्म असेल तर गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीतला उतारा लागतो. मग आजोबांनी क्युबाचे नागरिकत्व घेतले होते का आणि घेतले असेल तर कधी, याचा दाखला हवानाच्या नोंदणी कार्यालयातून आणावा लागतो, कारण मुलाच्या जन्मापूर्वी ते घेतले की नंतर, यावर प्रकरणाचे स्वरूप बदलते. आडनावातल्या एका अक्षराचा फरक म्हणजे आणखी काही महिन्यांची दुरुस्ती. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात तीन पिढ्यांचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत आणि आजोबांचा एकमेव फोटो त्यांच्या जुन्या परदेशी रहिवासी ओळखपत्रावरचा आहे. ज्या माणसाविषयी घरात फारसे कुणी बोलत नव्हते, तो मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने घरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस झाला आहे.

या कायद्याने लाखो कुटुंबांना आधार दिला, आणि तो दिला हे चांगले झाले. तरीही तो एका चाळणीसारखा चालतो, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. क्युबातून बाहेर जाण्यासाठी लागणारा सरकारी परवाना जानेवारी २०१३ मध्ये रद्द झाला, पण जगातल्या बहुतेक देशांना क्युबन पारपत्रधारकाकडून व्हिसा हवा असतो आणि तो सहज मिळत नाही. अशा बेटावर ज्याच्या हाती युरोपीय पारपत्र आहे तो माल आणून विकू शकतो, मुलांना बाहेर पाठवू शकतो, स्वतः निघून जाऊ शकतो. ज्याच्याकडे ते नाही तो अडकतो. आणि आजोबा गॅलिशियाचे असण्याची शक्यता गोऱ्या क्युबन कुटुंबात जितकी आहे, तितकी काळ्या कुटुंबात नाही. जिथे होते तिथेही त्यांनी काळ्या स्त्रीपासून झालेल्या मुलाला आपले नाव दिले असेल याची खात्री नाही, आणि कायदा नाव मागतो. हवानातल्या एकाच गल्लीतली दोन घरे, एकाच शाळेत शिकलेली दोन मुले. पण एक माद्रिदच्या विमानतळावर नागरिकांच्या रांगेत उभा राहतो आणि दुसऱ्याला ते विमानच मिळत नाही.

हे मला अधिक सलते, कारण स्पेन क्युबाच्या नावाने जे प्रेमाने गातो आणि नाचतो त्यात आफ्रिकेतून गेलेल्यांची निर्मिती सर्वत्र आहे. साखरेच्या मळ्यांसाठी क्युबात एकूण सुमारे आठ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून आणली गेली. त्यांतली बहुसंख्य, १८१७ च्या करारानुसार स्पेनने हा व्यापार १८२० पासून बंद करण्याचे मान्य केल्यानंतर, चोरट्या मार्गाने आणली गेली. गुलामगिरी तिथे संपली १८८६ साली. त्या साखरेचा पैसा बार्सिलोना, सान्तान्देर, बिल्बाओ येथील बँका, गिरण्या आणि प्रासादांत आजही उभा आहे. कोमियासचे मार्केस ही पदवी मिळवलेले आन्तोनियो लोपेस यांनी क्युबात संपत्ती जमवली आणि पुढे जी जहाज कंपनी काढली तिच्याच बोटींतून शिपाई आणि गरीब स्थलांतरित क्युबाला गेले. गुलामांच्या व्यापाराशी त्यांचा संबंध असल्यामुळे बार्सिलोनातला त्यांचा पुतळा मार्च २०१८ मध्ये काढण्यात आला. चौथरा तेवढा राहिला.

त्याच जहाजांतून गाणी परत आली. हबानेरा हा संथ, झुलता गीतप्रकार हवानात युरोपीय नृत्यसंगीत आणि आफ्रिकी ठेका यांच्या संयोगातून घडला, आणि नाविकांनी तो भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर आणला. कातालोनियातल्या कालेया दे पालाफ्रुखेल या कोळीगावी दर उन्हाळ्यात समुद्राकाठी हजारो लोक जमून हबानेरा ऐकतात आणि पेटवलेली रम व कॉफी यांचे गरम पेय घेतात. तोर्रेविएखा या मिठागरांच्या गावातून मीठ घेऊन जहाजे क्युबाला जात, आणि तिथे १९५५ पासून हबानेराची स्पर्धा भरते. अंदालुसियाच्या फ्लामेंकोतही ‘जाऊन आलेली गाणी’ म्हणून एक घराणे मानले जाते, त्यातली ग्वाहिरा आणि रुम्बा ही क्युबाची देणगी आहे. बार्सिलोनाच्या जिप्सी वस्तीत विसाव्या शतकाच्या मध्यात फुललेली कातालान रुम्बा क्युबन तबकड्या ऐकतच घडली. क्युबाच्या रुम्बाला २०१६ साली आणि पुंतो या काव्यगायनाला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पुंतोची दहा ओळींची शीघ्ररचना कॅनरी बेटांतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि क्युबाहून आलेला शीघ्रकवी तिथल्या कवीसमोर उभा राहिला तर दोघांना एकमेकांचे नियम शिकवावे लागत नाहीत.

ला पाल्मा बेटावर कार्निव्हलच्या सोमवारी ‘लोस इंदियानोस’ हा उत्सव होतो. क्युबातून श्रीमंत होऊन परतलेल्यांची आठवण म्हणून हजारो लोक पांढरे लिननचे कपडे घालून, पेट्या, पिंजरे आणि टोप्या घेऊन सान्ता क्रूसच्या रस्त्यांवर उतरतात, क्युबन संगीत वाजत राहते आणि एकमेकांवर टाल्कम पावडर उधळली जाते. सगळे शहर पांढरे होते. या उत्सवातील सर्वांत लाडके पात्र आहे ‘काळी तोमासा’, श्रीमंत मालकासोबत आलेली दासी, आणि ती अनेक वर्षे एक स्थानिक पुरुष चेहरा काळा रंगवून साकारत असे. उत्सवामागची कॅनरी लोकांची आपुलकी खरी आहे. तेनेरिफेत किंवा ला पाल्मात क्युबन माणसाला जितके घरच्यासारखे वागवतात तितके मुख्य भूमीवर वागवत नाहीत, असे मी अनेकांकडून ऐकले आहे. पण सान्तियागो दे क्युबाहून आलेल्या एखाद्या काळ्या तरुणीने त्या गर्दीत उभे राहून आपल्या पणजीचे ते सोंग पाहावे आणि हसावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

श्रद्धेच्या बाबतीत हा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आणि माझ्या दृष्टीने अधिक सुंदर आहे. कादिस प्रांतातील चिपिओना येथे रेग्लाच्या मातेची सावळी मूर्ती आहे. तिची भक्ती हवानाच्या बंदरापलीकडच्या रेग्ला या वस्तीत पोहोचली, आणि तिथल्या पश्चिम आफ्रिकेतील योरुबा वंशाच्या गुलामांनी तिच्यात आपली समुद्रदेवता येमाया पाहिली. मालकाच्या देखत मेरीपुढे मेणबत्ती लावायची आणि मनात ओरिशाला, म्हणजे आपल्या योरुबा दैवताला हाक मारायची, अशी सान्तेरिया ही मिश्र उपासना घडत गेली. गडगडाटाचा चांगो सान्ता बार्बरामागे, व्याधींचा बाबालू आये सान लासारोमागे, नदीची आणि मधाची ओचून क्युबाची कुलस्वामिनी मानल्या गेलेल्या कारिदाद देल कोब्रे मातेमागे. आज ही सगळी दैवते स्पेनमध्ये परत आली आहेत, ती सदनिकांच्या बैठकीच्या खोल्यांत. सात आणि आठ सप्टेंबर, चार डिसेंबर आणि सतरा डिसेंबर या तारखांना क्युबन घरांत फुले, मिठाई, रम आणि सिगार मांडले जातात. दीक्षा घेतलेली व्यक्ती वर्षभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरे नेसते, आणि तिला कामाच्या ठिकाणी त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागते. बाता नावाच्या दुतोंडी ढोलांशिवाय मोठा विधी पूर्ण होत नाही आणि त्या आवाजाने शेजारी पोलिसांना बोलावतात, म्हणून शहराबाहेरची जागा भाड्याने घ्यावी लागते. कारिदाद मातेच्या दिवशी जमणाऱ्या क्युबनांमध्ये निष्ठावान कॅथलिक असतात, ओचूनसाठी पिवळे नेसून आलेले असतात आणि कशावरच विश्वास नसलेलेही असतात. चर्चच्या दारात कुणी कुणाला विचारत नाही.

जेवणाविषयी थोडेच लिहिते. काळा घेवडा आणि भात, लसूण व आंबट नारिंगाच्या रसातला कसावा, कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप आणि नाताळच्या आदल्या रात्री भाजलेले डुकराचे मांस हे क्युबन घरातले नेहमीचे पदार्थ, आणि कसावा व कच्ची केळी माद्रिदच्या मोस्तेन्सेस बाजारात मिळतात. या नाताळच्या रात्रीला मोल आहे, कारण क्युबात १९६९ पासून नाताळची सुट्टी रद्द होती आणि ती पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जानेवारी १९९८ मधील भेटीच्या निमित्ताने परत आली. चाळिशी-पन्नाशीतल्या क्युबनांनी ही रात्र लहानपणी उघडपणे साजरी केलेली नाही. आता ते ती मोठ्या आवाजात साजरी करतात.

कामाची बाजू मात्र कठीण आहे. क्युबाने डॉक्टर आणि अभियंते पुष्कळ घडवले, परंतु स्पेनमध्ये परदेशी पदवीला मान्यता मिळण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे रेंगाळते. माझ्या इमारतीत एक क्युबन बाई वृद्धांची देखभाल करतात. तिकडे त्या भूलतज्ज्ञ होत्या. सकाळी त्या एका आजींना आंघोळ घालतात, त्यांच्या गोळ्या लावून देतात, आणि त्या आजींच्या मुलांना ठाऊकही नाही की औषधांच्या मात्रेविषयी या बाईंना घरातल्या सर्वांपेक्षा अधिक कळते. त्यांच्या आजोबांचे नाव स्पेनच्या कोणत्याही वहीत नाही. त्या पर्यटक म्हणून आल्या, मुदत संपल्यावर राहिल्या, आणि देशात ठरावीक काळ वास्तव्य सिद्ध केल्यावर मिळणाऱ्या ‘आर्राइगो’ परवान्याच्या मार्गाने कायदेशीर झाल्या. हा काळ पूर्वी तीन वर्षांचा होता, मे २०२५ पासून तो दोन वर्षांचा झाला आहे. त्या दरम्यानची वर्षे बिनकागदाची. परवाना मिळाल्यानंतर लॅटिन अमेरिकी देशांच्या नागरिकांना दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. बहुतेक इतरांना दहा वर्षे लागतात, हे पाहता ही सवलत मोठीच आहे, पण ती दोन वर्षे मोजायला सुरुवात होण्याआधीच माणूस बराच झिजलेला असतो.

आणखी एक दार आहे, आणि ते फार लवकर उघडते. ९ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या तिहेरी उडीत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके क्युबात जन्मलेल्या खेळाडूंनी जिंकली, आणि त्यांपैकी एकही क्युबासाठी खेळत नव्हता. सुवर्ण स्पेनच्या जॉर्डन दियासचे, रौप्य पोर्तुगालच्या पेद्रो पिचार्दोचे, कांस्य इटलीच्या अँडी दियासचे. जॉर्डन दियास २०२१ साली स्पेनमध्ये क्युबाच्या संघातून बाहेर पडला आणि २०२२ च्या प्रारंभी सरकारच्या विशेष निर्णयाने त्याला नागरिकत्व मिळाले. ग्वादालाहारा येथे त्याला घडवणारे प्रशिक्षक इव्हान पेद्रोसो हेही क्युबाचेच, लांब उडीतले ऑलिंपिक विजेते. त्या दिवशी माझ्या इमारतीतल्या बाई आनंदाने रडल्या, आणि मलाही तो आनंद मनापासून झाला. परंतु काळ्या क्युबन तरुणाला काही महिन्यांत नागरिकत्व देण्याची सोय स्पेनच्या कायद्यात आहे हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. अट एवढीच की त्याने सतरा मीटरहून लांब उडी मारली पाहिजे.

स्पेनने जुना अन्याय कागदावर दुरुस्त करण्याचे एक उदाहरण स्वतःच घालून दिले आहे. १४९२ साली हाकलून दिलेल्या यहुद्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा संसदेने २०१५ साली केला. पाच शतकांपूर्वीच्या पूर्वजाशी नाते दाखवण्यासाठी आडनाव, भाषा, समाजाच्या प्रमुखांचा दाखला असे निरनिराळे पुरावे त्यात मान्य होते. मग क्युबातल्या गुलामांच्या वंशजांसाठी असा कायदा का नसावा, हा माझा प्रश्न आहे. १८८६ हे साल तितके दूर नाही. आज नव्वदीत असलेल्या क्युबन माणसाची आजी गुलाम म्हणून जन्मलेली असू शकते, आणि ती जन्मली त्या वेळी त्या भूमीवर स्पेनचा ध्वज होता. स्पेनने क्युबावरचा ताबा सोडला त्या १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनच्या मुख्य भूमीत जन्मलेल्यांना आपले नागरिकत्व राखण्याची मुभा दिली, बेटावर जन्मलेल्यांना नाही. त्या गुलाम आजीच्या वंशजांकडे कागद नाहीत हा आक्षेपही पूर्ण खरा नाही. क्युबाच्या चर्चांत गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वेगळ्या आणि काळ्या व मिश्र वंशाच्या लोकांच्या वेगळ्या ठेवल्या जात. त्या दुसऱ्या वहीत मुलाचे नाव आहे, आईचे नाव आहे, आणि ती कोणाच्या मालकीची होती त्या स्पॅनिश माणसाचे नावही आहे. गॅलिशियातल्या खेड्यातली वही वकिलातीत ग्राह्य धरली जाते, तशी ही वहीही ग्राह्य धरण्याची तरतूद स्पेनच्या संसदेने करायला हवी.